एक दात कमी

वीकेंडला मुक्काम कुपवाड एमआयडीसीत, मामेभावाच्या वर्कशॉपमध्ये. जुन्या मारुती ८००चा कार्बुरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवणं चालू आहे.

क्रँकच्या पुलीवर ३६ दातांचं चाक, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला. ती रिकामी जागा समोरून गेली की ईसीयूला कळतं, क्रँक नेमका कुठे आहे. एक दात म्हणजे १० अंश. ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो!

सेन्सर आणि दातात फट जेमतेम एक मिलिमीटर. "पट्टी बॉडीवर नको रे, इंजिनवरच," भाऊ म्हणाला. इंजिन रबरावर हलतं. सेन्सरही त्याच्यासोबतच हलला पाहिजे. पट्टी थरथरली तर मोजणी चुकते, ठिणगी भलत्या वेळी पडते आणि गाडी ऐन आंबा घाटात गप्प.

आमच्याकडे बग आला की पॅच टाकतात. ढिल्या पट्टीला पॅच नसतो, जाड पत्रा लागतो!