चढणीची वाट

नगर जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उसाचे मळे येतात, नाहीतर पाण्याच्या टँकरमागची गर्दी. दोन्ही खरं आहे. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या अंगाला पाऊस असा कोसळतो की चार चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. आता अहिल्यानगर नाव ल्यालेल्या या जिल्ह्याची तहान ज्या पाण्यावर भागते, त्यातलं कितीतरी पाणी आधी या डोंगरांतल्या दगडगोट्यांवरून धावलेलं असतं. भंडारदऱ्याला अडण्याआधी, कालव्याला लागण्याआधी ते ओढ्याचं पाणी असतं, आणि ओढ्याच्या पाण्यात मासे असतात.

माझं आजोळ याच तालुक्यात, आढळेच्या खोऱ्यात. पट्टा किल्ल्याच्या उतारांवर जन्मलेली आढळा समशेरपुरावरून पूर्वेला जाते आणि संगमनेरच्या अलीकडे प्रवरेला मिळते. तिला मिळणाऱ्या लहान लहान ओढ्यांवर आम्ही सगळं घर मिळून मासे धरायला जातो. दसरा उलटलेला असतो. गढूळ पाणी निवळून तळाचा दगड न् दगड दिसू लागतो, उतारावर सोनकी पिवळी होऊन उठते, खाचरांत भाताच्या लोंब्या वाकू लागतात. मामा पुढे, त्यांच्या खांद्यावर बांबूच्या बारीक काठ्या. मागे मामी आणि मावशी, डोक्यावर नागलीच्या भाकऱ्यांचं गाठोडं. मधे आमची मुलं, हातात गांडुळांचा डबा, आणि तो कोणी धरायचा यावरून चाललेलं भांडण.

साहित्य असं फारसं नसतंच. काठीला तंगूस, तंगुसाला मोरपिसाची काडी, टोकाला बारीक गळ. उकिरड्याच्या ओल्या कडेला खणलं की गांडुळं हवी तेवढी. शिकायचं असतं ते बसायला. "पाण्यावर सावली पाडू नको," मामा मुलांना सांगतात, "आणि पाय आपटू नको. माशाला जमिनीचा आवाज कळतो." घरी पाच मिनिटं एका जागी न बसणारं पोर इथे मोरपिसाच्या काडीवर नजर लावून तासभर हलत नाही. काडी एकदा थरथरते, दोनदा बुडते, तिसऱ्यांदा तिरकी पळते आणि मग ओरडा होतो. बोटभर खवलीसाठी सगळं घर धावत येतं.

डोंगरातल्या ओढ्यावर कुटुंबानं मासे धरायला जाण्याची ओढ जगभर आहे. थंड मुलखात ती ट्राउट माशाभोवती गुंफली गेली. तिथे बरेच जण गळाला गांडूळ लावत नाहीत; पिसं आणि धागा गळाभोवती गुंडाळून हुबेहूब माशी करतात आणि ती पाण्यावर अलगद टेकवतात. इंग्रजांनी हा मासा १९०० च्या सुमारास काश्मीरच्या पाण्यात वसवला, निलगिरीतही नेला. आमच्या इथल्या सह्याद्रीत त्याचा निभाव लागणार नाही. त्याला बारा महिने गार, वाहतं पाणी हवं. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरचं. तिथे ना बर्फ, ना वितळून येणारं पाणी. चैत्र-वैशाखात आमचे ओढे आटून डोहांपुरते उरतात, आणि त्या डोहांचं पाणी दुपारी कोमट होतं.

पण पिसांची ती माशी ज्यांची नक्कल असते, त्या किड्यांचे भाऊबंद आमच्या ओढ्यातही आहेत. वाहत्या पाण्यातला एखादा चपटा दगड हळूच उलटा करून पाहावा. शेपटीला तीन केस असलेले चपळ किडे दगडाच्या कडेला पळतात. पंख फुटले की ते जेमतेम एखाद-दोन दिवस जगतात. काही अळ्या वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळी बांधतात आणि तिच्यात राहतात. संध्याकाळी असे किडे पंख फुटून वर येऊ लागले की अंगावर निळसर पट्टे असलेली लहान मासळी पाण्याबाहेर उसळ्या घेते. मुलांना मी आधी हे दाखवते. मासा काय खातो हे ज्याला कळलं, त्याला ओढा कळू लागतो.

मळ्या हा मासा मात्र गळाला सहसा लागत नाही. तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्याच्या ओठाखाली एक चकती असते. तिच्या जोरावर तो धबधब्यासारख्या धारेतही दगडाला चिकटून राहतो. मुरी वाळू-खड्यांत अंग लपवते. शिंगटीचा काटा बोटात गेला तर दिवसभर ठणका राहतो, म्हणून ती गळावरून काढायचं काम मामांचं. वाम दिवसा दगडांच्या कपारीत आणि रात्री बाहेर. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा मळ्या, मुरी, शिंगटी ही इथल्या माणसांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत ठेवली. हे मासे मुळात कोणी ओळखले होते, याची ती नोंद आहे.

दुपारी काठावरच चूल मांडायची. मासे साफ करून मीठ, हळद, मिरचीचा गोळा चोळायचा, पळसाच्या पानांत बांधून निखाऱ्यावर ठेवायचे. भाकरीबरोबर वाट्याला दोन-तीन घास येतात. ते पुरेसे असतात.

आजी होती तेव्हा आमच्या घरात एक रीत होती आणि ती आजही आहे: मृगाच्या पहिल्या पुरात मासे धरायचे नाहीत. तेव्हा ओढ्याला लाल पाणी येतं आणि नदीतले मासे त्या पाण्याच्या उलट दिशेनं चढू लागतात. पोटं गाभोळीनं फुगलेली असतात. लहान धबधब्यांवर उड्या घेत, कुठे कुठे बांध ओलांडून ते थेट भातखाचरांपर्यंत जातात, कारण वरच्या उथळ पाण्यात पिलांना खायला मुबलक असतं आणि गिळायला टपलेले मोठे मासे कमी. पाऊस ओसरला की पिलं पाण्याबरोबर खाली उतरतात. आजी म्हणायची, "बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीची वाट अडवू नये."

चढणीचे मासे धरणारा प्रत्येक जण दोषी आहे असं मी म्हणणार नाही. उन्हाळाभर कोरडी भाकरी खाल्लेल्या घरात त्या दिवसांत टोपलीभर मासे येतात, आणि ते त्या घराच्या हक्काचे आहेत. माझी तक्रार आहे ती ओढ्याचं तोंड बारीक जाळ्यानं बंद करणाऱ्यांविषयी, डोहात विषारी पूड टाकणाऱ्यांविषयी, पाण्यात विजेची तार सोडणाऱ्यांविषयी. अशा प्रकारांनी एका रात्रीत पुढच्या वर्षाचं बियाणं संपतं. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासूनच मनाई आहे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ओढ्यावर असा पहारा कोण देणार? तो काठावरच्या घरांनीच द्यायला हवा.

धरणं झाल्यावर तर या ओढ्यांचं मोल आणखी वाढलं आहे. भंडारदऱ्याची भिंत १९२६ मध्ये पुरी झाली. आढळेवर देवठाणला धरण आहे. भिंत चढून मासा वर जाऊ शकत नाही. जलाशयाच्या वर जे ओढे मोकळे उरले, तिथेच माशांचा वंश वाढायचा. जलाशयांत चिलापी माजली आहे, ती कशीही वाढेल. मळ्या आणि मुरीला मात्र वाहतं पाणी आणि स्वच्छ दगडच हवेत.

म्हणून सांगते, पोरांना घेऊन ओढ्यावर जरूर जा. अभयारण्याची हद्द असेल तिथे नुसतं पाहा. बाहेर गळ टाका, खाण्यापुरते घ्या, गाभोळीची मासळी हाती आली तर पाण्यात सोडा. आणि मृगाच्या पहिल्या पुरात ओढ्याच्या तोंडाला जाळं लावू नका, कोणी लावत असेल तर त्याला थांबवा. चढणीची वाट मोकळी राहिली तरच दसऱ्यानंतर गळाला काही लागेल.