टाळ वाजतो तिथे

आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात माझा मुलगा सगळ्यांत पुढे मांडी घालून बसतो. सासूबाईंच्या हातातले टाळ जिथे एकमेकांवर आदळतात, बरोब्बर तिथे त्याची नजर खिळलेली असते. शेजारच्या काकू म्हणतात, "अरे, आजीकडे बघ ना!" माझ्या मते आजीचं वाजवणं इतकं मन लावून त्या खोलीत दुसरं कुणीच बघत नाही.

तो स्वमग्न आहे. 'नजरेला नजर देत नाही' हे मी निदानापासून ऐकत आले. मग तो बघतो कुठे? कुटताना खलबत्त्यात, शिट्टी होताना कुकरच्या उडणाऱ्या शिट्टीकडे, दाराच्या कडीकडे. हलणं आणि वाजणं जिथे एकाच क्षणी होतं, तिथे.

२००९ साली 'नेचर'मध्ये आलेला अमी क्लिन आणि वॉरन जोन्स यांचा अभ्यास वाचला तेव्हा मला माझंच घर दिसलं. पडद्यावर नुसत्या प्रकाशठिपक्यांचा माणूस मुलांचे खेळ खेळतोय. एकीकडे सरळ, दुसरीकडे उलटा, सोबत आवाज. इतर दोन वर्षांची मुलं सरळ माणसाकडे बघत. स्वमग्न मुलांना दोन्ही सारखेच. पण हालचाल आणि आवाज नेमके जुळले की त्यांची नजर तिकडे वळे. हे आधी लक्षात आलं ते पंधरा महिन्यांच्या एका मुलीमुळे, टाळ्यांच्या खेळात.

बोलणं मात्र अवघड. ओठ आणि शब्द यांत थोडं अंतर पडलं तरी बऱ्याच स्वमग्न मुलांना ते एकत्रच घडल्यासारखं वाटतं, असं संशोधक मार्क वॉलेस यांच्या गटाला आढळलंय. त्यात आमचा मिक्सर, टीव्ही! आता त्याच्याशी बोलताना आधी ते बंद होतात. 'पा-णी' म्हणताना मी पेला ओट्यावर दोनदा टेकवते. तो पेल्याकडे बघतो, कधीकधी तिथून माझ्या तोंडाकडेही. सगळ्या मुलांना हे चालेल असं नाही. त्याच्या थेरपीतली एक मुलगी टाळ ऐकताच कान झाकून घेते.

आधीच्या एका केंद्रात हनुवटी धरून त्याचं तोंड वर करायचे. तो रडायचा. आम्ही तिथे जाणं सोडलं. जूनमध्ये तो पहिलीत जाईल. बाईंना मी सांगणार आहे: त्याच्या हनुवटीला हात लावू नका. फळ्यावरच्या अक्षरावर पट्टी टेकवा आणि त्याच क्षणी ते अक्षर म्हणा.