नोंद नसलेला दोष

ज्याची नोंद नाहीं तें घडलेंच नाहीं, असें मानण्याकडे सुशिक्षित माणसाचा कल फार असतो. वहींत जमा नाहीं म्हणजे पैसा आला नाहीं. तपासणीच्या कागदावर आंकडे बरोबर आहेत म्हणजे माणूस बरा आहे. हा विश्वास पुष्कळदां उपयोगीं पडतो. परंतु तो कोठें अपुरा पडतो, याचा धडा आमच्या कुटुंबाला एका मोटारीनें दिला, आणि तो मोटारीपुरताच राहिला नाहीं.

गेल्या श्रावणांत आम्ही जालन्याहून जांब समर्थ येथें दर्शनाला निघालों. समर्थ रामदासांचें हें जन्मगांव घनसावंगी तालुक्यांत आहे. गाडींत थोरले बंधु अण्णा, वहिनी, वृद्ध काकू व मी, चालवायला पुतण्या. अंबड मागें पडलें आणि पाऊस लागला. एका मालट्रकाच्या पुढें जाण्यासाठीं पुतण्यानें वेग वाढवला, तोंच गाडीनें दोनतीन आचके दिले व समोर इंजिनाचें चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकूं लागला. वेग कमी केला, तसा तो विझला.

दुसऱ्या दिवशीं एका गॅरेजमध्यें स्कॅनर लावला. “एकहि कोड नाहीं, गाडी निर्दोष आहे,” असें सांगून त्यांनीं ती परत केली. चार दिवसांनीं दिवा पुन्हां लुकलुकला.

हा दिवा स्थिर राहणें आणि लुकलुकणें यांत मोठें अंतर आहे. भारतांतील मोटारींत दोष ओळखणारी ही व्यवस्था एप्रिल २०१० पासून आली व एप्रिल २०१३ पासून ती अधिक व्यापक झाली. स्थिर दिवा गाडी लवकर तपासून घ्या असें सांगतो. लुकलुकणारा दिवा बहुधा असें सांगतो कीं, एखाद्या सिलिंडरांत पेट्रोल पेटतच नाहीं. मिस्त्री याला ‘मिसिंग’ म्हणतात. तें न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जाऊन जळतें, व उष्णता इतकी वाढते कीं आंतली जाळी वितळूं शकते. म्हणून त्या क्षणीं ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा व सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी.

मग नोंद कां नाहीं? पुष्कळ गाड्यांचा संगणक प्रथम दिसलेला दोष ‘प्रलंबित’ म्हणून ठेवतो. पुढच्या फेऱ्यांत तोच पुन्हां दिसला तरच त्याचा पक्का कोड होतो, न दिसला तर प्रलंबित नोंदहि पुसली जाते. कांहीं साधे स्कॅनर केवळ पक्के कोड वाचतात. शिवाय बॅटरीची तार काढली, तर पुष्कळ गाड्यांतील नोंदी कोऱ्या होऊं शकतात.

दुसऱ्या मिस्त्र्यानें यंत्राला हात लावण्यापूर्वीं विचारलें, “अण्णा, दिवा लागतो तेव्हां पाऊस असतो का? गाडी भरलेली असते का?” दोन्हींचें उत्तर होय असें आलें. मग स्कॅनर जोडलेलाच ठेवून, चालू आंकडे पाहात, तो पुतण्याशेजारीं बसून निघाला. वेग वाढतांच तिसऱ्या सिलिंडराच्या चुकलेल्या ठोक्यांची गणती चढूं लागली. त्यानें तिसऱ्या व दुसऱ्या सिलिंडरांच्या इग्निशन कॉइलींची अदलाबदल केली व पुन्हां फेरी मारली. आतां दुसरा सिलिंडर चुकूं लागला. दोष कॉइलीबरोबर सरकला, म्हणजे तो कॉइलींतच होता. तिच्या रबरी नळीला केसाएवढी चीर होती. ओल आणि भार एकत्र आले कीं ठिणगी भलतीकडे जाई.

त्या संध्याकाळीं वहिनी अण्णांना म्हणाल्या, “अहो, गाडी उभी असतां तपासली म्हणून कांहीं सांपडलें नाहीं. काकूंनाहि चक्कर थांबल्यावरच दवाखान्यांत नेलें जातें.”

काकूंना वर्षभर अधूनमधून चक्कर येई. दवाखान्यांत पोंचेपर्यंत त्या ठीक होत, आणि ईसीजी निर्दोष निघे. ‘मनाचे खेळ’ असा निकाल घरांत लागला होता. काकूंनींहि त्याविषयीं बोलणें सोडलें होतें. वहिनींनीं डॉक्टरांना चक्कर येण्याच्या वेळा लिहून दाखवल्या. त्यांनीं चोवीस तास अंगावर बाळगावयाचें होल्टर यंत्र लावलें. त्याच रात्रीं काकूंचें हृदय कांहीं सेकंद थांबल्याची नोंद त्यांत उमटली. पेसमेकर बसला; काकू आतां पुन्हां पहांटे उठून स्वतः देवपूजा करतात.

वाचकांनीं एवढें करावें. दिवा लुकलुकला तर गाडी थांबवून वेळ, वेग, पाऊस व भार टिपून ठेवावा, आणि प्रलंबित कोड व चालू आंकडे पाहणारा मिस्त्री गांठावा. घरांतील वडील माणसानें त्रास सांगितला, तर कागद पाहण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून विचारावें, “केव्हां होतें?” आणि उत्तर पुरतें ऐकून घ्यावें.