छप्पर कोणी शाकारलं?

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या घराचं माळवद यंदा तीन ठिकाणी गळलं. गवंडीचाचा शिडी लावून वर गेले, टाचेनं माती दाबून पाहिली आणि खाली येऊन म्हणाले, "निम्मी माती उतरवा. अजून पांढरी टाकाल तर किल्लारी होईल."

आमच्याकडे किल्लारी हे नुसतं गावाचं नाव उरलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्रीची गणपती विसर्जनं आटोपून लोक निजलेले असताना, भूकंपात माळवदं खाली आली. दगडाच्या दोन पदरी भिंती, मधे भरड, वर दीड-दोन फूट माती. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच वजन उरावर बसलं. आमच्या गावात धक्का भांडी वाजण्यापुरता. पण आजीनं पंधरा दिवस कुणाला छताखाली निजू दिलं नाही. चाचा दुरुस्तीचं काम शिकले ते त्यानंतर. भिंतीला आरपार भोकं पाडून, आत सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. "गोधडीला टाके घालतात ना, तसं," ते म्हणतात. भूकंपानंतर ५२ गावं उठून नव्या जागी गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जागच्या जागी, घरमालकांनी उभं राहून करून घेतलेल्या दुरुस्त्या त्याहून कितीतरी जास्त होत्या. त्यांचं कौतुक कुणी करत नाही. नव्या वसाहतीचा फोटो निघतो, भिंतीतल्या टाक्याचा कसा निघणार?

चहा घेताना चाचांनी सांगितलं, २००६ साली ते लोणावळ्याकडे, मळवलीजवळच्या पाटणला कामाला होते. "तिथं अमेरिकेचा म्हातारा प्रेसिडेंट विटकाम करत होता. खरंच सांगतो. गोऱ्या बायका घमेली उचलत होत्या." मला पुण्याला जायचंच होतं. म्हटलं, मळवलीपर्यंत जाऊन येऊ.

परभणी स्टेशनवर रात्रीची पनवेल गाडी नांदेडहून येते ती अर्धी भरूनच. समोरच्या बाकावर एक वयस्क सरदारजी होते, हुजूर साहिबचं दर्शन घेऊन परतणारे. मी कुठं चाललो ते ऐकून हसले. म्हणाले, "घर बांधून देणारा तर तुमच्याच मुलखात होऊन गेला." मग त्यांनी नामदेवाची गोष्ट सांगितली. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांतल्या एकात शेजारीण विचारते, तुझी झोपडी कोणी बांधली? मला त्या सुताराचा पत्ता दे, दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात, हा सुतार पैसे घेत नाही, प्रीती मागतो.

नामदेवांची नरसी आता हिंगोली जिल्ह्यात. पण १ मे १९९९ पर्यंत ती आमच्या परभणीतच होती. आणि आमचं गंगाखेड जनाबाईचं. तिच्या जात्याला विठोबा हात लावतो, शेण्या वेचतो. देव राबायला येतो ही गोष्ट आम्ही दुधाबरोबर प्यायलेली, आणि ती मला पंजाबातल्या माणसानं परळीच्या अलीकडे ऐकवावी! लातूर आलं तेव्हा डब्यात सगळे घोरत होते. मला मात्र किल्लारीच्या त्या जिल्ह्यात झोप लागत नाही, कधीच.

सकाळी पुण्यात उतरून लोणावळा लोकल धरली. मळवली लहान स्टेशन. एका अंगाला भाजे, विसापूर, लोहगड. दुसऱ्या अंगाला महामार्गापलीकडे कार्ला. पाटण गाव जवळच.

चाचांचा तो म्हातारा प्रेसिडेंट म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर. ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस ते इथं आले, तेव्हा त्यांनी ८२ पूर्ण केली होती. बरोबर पत्नी रोझलिन आणि देशोदेशीचे स्वयंसेवक. आठवड्याभरात शंभर घरं. ब्रॅड पिटही येऊन राबून गेला, आणि बातम्यांत साहजिकच तोच जास्त दिसला. संस्था हॅबिटाट फॉर ह्युमॅनिटी. १९७६ मध्ये मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्यानं जॉर्जिया राज्यात सुरू केलेली, उघडपणे ख्रिस्ती. गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नये, हे बायबलातलं सांगणं त्यांनी हिशेबाच्या वहीत उतरवलं. घर फुकट नाही: कुटुंबानं स्वतः राबायचं आणि बिनानफ्याच्या हप्त्यांनी पैसे फेडायचे. ते पैसे पुढच्या घराला. आमच्याकडच्या सावडीला हे समजावून सांगावं लागणार नाही. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू.

आपल्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न येतो: आधी भिंत, मग बाप्तिस्मा? संस्था घर देताना धर्म पाहत नाही, असा तिचा नियमच आहे. मला जास्त टोचणारा प्रश्न वेगळा होता. एका पाहुण्याच्या विमानभाड्यात चाचांसारखे किती गवंडी किती दिवस राबले असते? एका घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या मावशींना मी तो जरा भीत भीत विचारला.

"राबले असते की," त्या म्हणाल्या. "पण त्या गोऱ्या बाईच्या हाताला फोड आले हो. मी हळद-तेल लावलं. तिला माझं बोलणं कळेना, मला तिचं. दोघी हसत बसलो." मग तांदळातला खडा काढून म्हणाल्या, "गवंड्याला हळद कोण लावतं?" यात उत्तर होतं की माझ्यावरच टोला, अजून ठरवता आलेलं नाही.

कार्टरांच्या आईला मुंबईची ओळख मुलाच्या कितीतरी आधीची. लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरची परिचारिका म्हणून विक्रोळीला आल्या आणि तिथल्या दवाखान्यात राबल्या. मुलगा राष्ट्राध्यक्ष व्हायला तेव्हा अजून दहा वर्षं होती.

दुपारी कार्ल्याच्या पायऱ्या चढलो. चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी परका इथं एकेक खांब देऊन गेला. दगड फोडणाऱ्याचं नाव शोधत मी उगाच सगळे खांब फिरलो. बाहेर एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या कोळ्यांची ही गर्दी.

तिसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा चाचांनी निम्मी माती उतरवून अंगणात ढीग घातला होता. मी पाटणची हकीकत सांगितली, शंभर घरं, हळद-तेल, सगळं. त्यांनी थापी धुऊन ठेवली आणि विचारलं, "आठवड्यात शंभर? मग तराई कधी केली? भिंतीला पाणी किती दिवस मारलं?"

ते मी विचारलंच नव्हतं.