चौथी कोण?

आमच्या जांबोटीचा पाऊस किती, ते विचारूच नका. जूनमध्ये काढलेली छत्री गणपतीपर्यंत वाळत नाही. पण बर्फ म्हणाल तर फ्रीजमधला तेवढाच. कणकुंबी, चोर्ला घाटातलं धुकं ही आमची थंडीची हद्द. त्यामुळे मी मोबाईलवर बायकांच्या स्कीइंगच्या शर्यती बघत बसले की आई म्हणते, "त्या पांढऱ्यात काय बघतीस गे एवढं?"

सुरुवात भवानी टी. एन. हिच्यामुळे झाली. ती आपल्याच कर्नाटकातली, कोडगूची. तिथेही पाऊसच, बर्फ नाही. तरी २०२५ मध्ये चिलीतल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने ५ किलोमीटरमध्ये ब्राँझ पटकावलं. क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे नुसतं उतारावरून घसरणं नव्हे. दोन्ही हातांत काठ्या, पायांत लांब पट्ट्या, आणि चढसुद्धा आपल्याच दमावर चढायचा. तिची बातमी वाचता वाचता मी या खेळाच्या रिलेपर्यंत पोचले आणि तिथेच अडकले.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये बायकांची ही रिले १९५६ साली आली. तेव्हा तिघीच असायच्या, पहिलं सोनं फिनलंडचं. १९७६ पासून चौघी झाल्या. मी सगळ्यात जास्त वेळा बघितली ती सोचीची, १५ फेब्रुवारी २०१४ ची. तेव्हा चौघींनी ५-५ किलोमीटर जायचं होतं. पहिल्या दोघी जुन्या पद्धतीने, आखलेल्या सरळ खाचांतून. नंतरच्या दोघी स्केटिंगसारखे पाय बाहेर फेकत. हातात बॅटन नसतं. पुढच्या मुलीच्या अंगाला हाताने स्पर्श केला की झालं. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी नॉर्वेचं नाव होतं, पण नॉर्वे पाचवी आली. स्वीडनची शेवटची मुलगी शार्लोट काल्ला निघाली तेव्हा फिनलंड आणि जर्मनी पंचवीसएक सेकंद पुढे होत्या. टीव्हीवर तर त्या वळणाआड दिसतही नव्हत्या. ती थोडी थोडी जवळ येत गेली आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात दोघींच्या बाजूने निघून गेली. फिनलंड अर्ध्या सेकंदाने मागे! स्वीडनच्या बायकांना या रिलेत १९६० नंतर पहिल्यांदाच सोनं मिळालं.

सगळे काल्लाचंच नाव घेतात, घेऊ देत. मला मात्र इंगेमार्सडॉटर, विकेन आणि होग या आधीच्या तिघी आठवतात. त्या मागे पडल्या, पण दिसेनाशा झाल्या नाहीत. पंचवीस सेकंद भरून काढता येतात. चौथी मुलगीच नसली तर काय भरून काढणार?

हे मी उगाच लिहीत नाही. आमची ४×४०० ची टीम आहे. म्हणजे तीन जणी आहेत. चौथी आमच्याच बाजूची, आमच्यापेक्षा जोरात पळणारी. सराव संपेतोवर अंधार पडतो, नंतरची बस भरवशाची नाही, आणि तिच्या घरी एकच प्रश्न: पळून काय मिळणार? १९८४ साली लॉस एंजेलिसला उषा, शायनी, वलसम्मा आणि वंदना राव या चौघी ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पळून सातव्या आल्या, हे मी तिच्या आईला सांगितलं. मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सातव्या? मग?" उत्तर माझ्याकडे होतं, पण त्या चुलीपुढे ते जमेना. निघताना त्यांनीच विचारलं, "रात्री तिच्यासंगं कोण येतंय स्टँडपासून?" मी म्हटलं, "मी येते की, मावशी. माझा भाऊ गाडी घेऊन येतो."

"बघू," म्हणाल्या.

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही, असंच बहुतेकदा असतं. पण त्यांनी डब्यातले चार लाडू काढून माझ्या हातावर ठेवले, आणि तिने भिंतीआडून मला बूट दाखवले. धुतलेले होते.

शुक्रवारी नावं द्यायची आहेत. तीन लिहिली आहेत, चौथी ओळ पेन्सिलीने.