वारा तोच होता

बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत उतरलो तेव्हा माझं लक्ष हातातल्या फोनवर होतं. धाकट्या बहिणीच्या बायोप्सीचा रिपोर्ट त्या दिवशी यायचा होता. कोडगूची सहल महिनाभर आधी ठरलेली. तिनंच हट्टानं मला धाडलं होतं.

नामद्रोलिंग मठाच्या आवारात प्रार्थनाचक्रांची रांग आहे. एक तिबेटी आजी तिथून हळूहळू चालली होती. डाव्या हातात माळ, उजव्या हातानं एकेक चक्र फिरवायचं आणि पुढं सरकायचं. चक्राखालच्या मुठी हजारो हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या. शेजारून पर्यटकांची झुंड गेली, कुणाचं पोर रडलं. आजीची मान वळली नाही.

1959 साली तिबेटी माणसं देश सोडून भारतात आली तेव्हा ती लहान पोर असेल. 1961 मध्ये म्हैसूर राज्यानं दिलेल्या सुमारे तीन हजार एकरांवर इथली पहिली वसाहत उभी राहिली. थंड मुलखातल्या माणसांनी इथल्या उन्हात, रानहत्तींच्या धाकात, जंगल तोडून शेतं केली. दुःखाचा हिशेब मांडायचा तर आजीकडं माझ्याहून कितीतरी जास्त होतं.

तिची वाट वेगळी, माझी वेगळी. मी ख्रिस्ती, माझी प्रार्थना म्हणजे स्वर्गातल्या बापाशी बोलणं. पण तिथल्या पायरीवर बसून मी पर्समधली प्रार्थनेची वही उघडली आणि मन चरकलं. पानंच्या पानं गाठ, तपासण्या, डॉक्टर, खर्च. प्रभू फक्त पहिल्या ओळीत हाक मारण्यापुरता. मी गुडघे देवापुढं टेकत होते, पण बघत होते आजाराकडं.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला पेत्र आठवला. तो पाण्यावरून येशूकडं चालत निघाला, मग वारा पाहून भ्याला आणि बुडू लागला. ही गोष्ट मी रविवारच्या शाळेपासून ऐकत आले. त्या पायरीवर मात्र वेगळंच ध्यानात आलं. पेत्र चालत होता तेव्हाही वारा होताच. चालताना आणि बुडताना वारा तोच. बदलली होती ती नजर. आणि पुढचा क्रमही पाहावा: येशूनं आधी हात धरला, वारा पडला तो दोघं मचव्यात चढल्यावर.

म्हणजे देवाकडं पाहणं म्हणजे संकटाकडं डोळेझाक करणं नव्हे. याचा दाखला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतो. याच सह्याद्रीच्या रांगेत, इथून उत्तरेला गंगामूळच्या रानात, 1858 साली त्या जन्मल्या. 1874च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. 1882 मध्ये पती पटकीनं गेले. लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण पुढं त्यांनीच प्रांजळपणे सांगितलं की ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त नंतर उमगला. ज्यांना तो उमगला, त्या रमाबाई दुःखाकडं पाठ करून बसल्या नाहीत. पुढच्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली त्यांनी केडगावला मुक्ती सदनात आणल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. जुलै 1921 मध्ये मनोरमाही गेली. एकुलती एक लेक. तरी काम सुटलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. दुःख त्यांच्या घरात शेवटपर्यंत राहिलं. त्याला देव्हारा मात्र त्यांनी दिला नाही.

वहीचं कोरं पान काढलं. त्या दिवशी काहीही मागितलं नाही. प्रभू, तू कोण आहेस, आजवर आमच्या घरात काय काय केलंस, एवढंच लिहीत गेले. आमच्या बाबांच्या शेवटच्या रात्री घरात उतरलेली ती शांती, बहिणीचं अवघड बाळंतपण, आई रात्री कंदिलापाशी बसून म्हणायची ती स्तोत्रं. लिहिता लिहिता बहिणीचं नाव आपसूक आलं, पण आता ते प्रभूच्या हातात ठेवल्यासारखं आलं.

रिपोर्ट संध्याकाळी आला. उपचार लांबचे आहेत, अजून चालू आहेत. वारा पडलेला नाही. हात धरलेला आहे, हे मात्र मला त्याआधीच, त्या पायरीवर कळलं होतं.