चावीचं घड्याळ

सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की आमच्या लहानपणी घरोघरचे वडील उशाशी ठेवलेलं मनगटी घड्याळ उचलायचे. आधी काटे जुळवायचे, मग चावी द्यायची. खाचांची ती इवलीशी चावी अंगठा आणि तर्जनीत धरून वीस-पंचवीस वेढे, शेवटचे दोन अगदी हळू. स्प्रिंग भरत आली की बोटांना कळायचं. "पुरे, तुटेल!" हे आम्ही सगळ्यांनीच ऐकलंय, कारण हट्ट करून कधी ना कधी ती चावी आम्हीही फिरवली आहे.

आता मोबाईलवरची वेळ परस्पर जुळते. नवं घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं. त्यालाही चार्जिंगला लावावं लागतंच, पण वायर जोडून आपण निघून जातो. चावी देताना तेवढं अर्धं मिनिट माणूस घड्याळापाशी थांबलेला असे.

आमच्या वडिलांच्या पिढीत श्रीमंती घड्याळ म्हणजे फेवर ल्युबा. ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत होती, पण आमच्यासारख्यांनी ती घड्याळं काचेपलीकडूनच पाहिली. मनगटावर आलं ते एचएमटी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला कारखाना निघाला आणि जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावं घरातल्या माणसांसारखी झाली. बाबांच्या घड्याळाच्या तबकडीवर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं होतं. आत सतरा माणकं आहेत, असं आम्ही वर्गात छातीठोकपणे सांगायचो. ती खरोखरच माणकं होती. कारखान्यात घडवलेली, चक्रांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेली. कानाशी धरलं की सेकंदाला पाच ठोके ऐकू यायचे.

तरीही ते घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडायचं. पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरायची. तेलपाण्याला दिलं की आठ-आठ दिवस बाबांचं मनगट मोकळं, पट्ट्याखालची गोरी पट्टी तेवढी उघडी. याहून वाईट गोष्टही सांगायला हवी. घड्याळाचा कारखाना आणि हुंडाबंदीचा कायदा एकाच वर्षाचे, १९६१ चे; आणि पुढे कितीतरी वर्षं लग्नाच्या याद्यांत सायकल आणि रेडिओच्या शेजारी मनगटी घड्याळ लिहिलं जात होतं. ज्या चावीची आम्ही इतकी आठवण काढतो, ती कित्येक घरांत मुलीच्या बापाने कर्ज काढून आणलेली होती.

आणि बायकांना घड्याळ नव्हतंच. आमच्या घरी वेळ एकच, ती बाबांबरोबर ऑफिसला जायची. आईला गिरणीचा भोंगा आणि नळाला पाणी यायची वेळ. आज घरकामाला येणाऱ्या ताईंच्या हातातल्या मोबाईलवरही सेकंदापर्यंत बिनचूक वेळ असते. हे फार चांगलं झालं.

१९८७ मध्ये टायटन आलं आणि क्वार्ट्झ घरोघर शिरलं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्याच्यापुढे पाच ठोक्यांचा काय पाड लागणार? आम्हीही आनंदाने ते घेतलं आणि जनता कपाटात गेलं. २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळं बंद करायचं ठरवलं, तेव्हा मात्र आम्हीच हळहळलो. आता लोक ती शोधत फिरतात आणि पुष्कळदा एकाचं यंत्र, दुसऱ्याची तबकडी, वर ताजा रंग असं काहीतरी घेऊन येतात. तरी चावी द्यायला मिळते म्हणून खूश असतात. मला त्यांचं पटतं.

बाबा गेले त्या दिवशीही सकाळी त्यांनी चावी दिली होती. सगळं उरकून रात्री घरी आलो, तर घड्याळ टेबलावर चालूच होतं. भरलेली स्प्रिंग दीडेक दिवस पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरात बातम्या लागल्या, तशी आई उठली आणि तिने घड्याळ हातात घेतलं. इतक्या वर्षांत तिने त्याला हात लावला होता तो बाबांनी मोरीशी काढून ठेवलेलं आत आणून ठेवण्यापुरता. काट्यांकडे न बघता ती चावी देत राहिली, आणि शेवटचे दोन वेढे अगदी हळू.